पांढऱ्या दगडाखाली

धारवाल्याची शिटी ऐकली की आमच्या गावात बायका सुऱ्या घेऊन दारात येतात. पण त्या दुपारी शिटी वाजली ती गाळाच्या मैदानाकडच्या वळणावर, आणि सेनाइदा तेव्हा मिठाचं मडकं कमरेवर घेऊन शेळ्यांमागून चालली होती. शेळ्या बिथरल्या. एक थेट तिच्या गुडघ्यात घुसली, आणि मडकं...

मडकं रस्त्यावर फुटलं. धुळीत मीठ पांढरं पसरलं.

मोटारसायकल थांबली. मागे धार लावायचं चाक बांधलेलं, गळ्यात शिटी. उतरलेल्या तरुणाच्या पापण्यांवरसुद्धा धूळ होती.

"लागलं का?"

"मला नाही. मडक्याला लागलं."

"महागाचं होतं?"

"आईचं होतं."

त्याच्या ओठांवरचं हसू विझलं. त्यानं टोपी काढली. ती ‘होतं’ म्हणाली त्यातच त्याला सगळं कळलं असावं. मग तो खाली बसून खापऱ्या वेचू लागला. अगदी नखाएवढीसुद्धा सोडली नाही.

"हे मला द्या. सांधून आणतो."

"धारवाला मडकी सांधतो?"

"कापायचं काम करणाऱ्याला जोडायचं येत नाही, असं थोडंच आहे!"

"नाव काय तुझं?"

"क्रिसांतो."

"खरं नाव?"

तो खळखळून हसला. "आईनं तरी मला हेच सांगितलंय."

त्या हसण्यामुळे असेल... तिनं खापऱ्या नेऊ दिल्या. तो वळणाआड गेला आणि लगेच तिचं मन तिला टोचू लागलं. कोण, कुठला, ओळख ना पाळख!

तिच्या संशयाला कारण होतं. आमच्या गाळाच्या मैदानात हरणखूर उगवतो. निवडुंगच, पण काटे नाहीत, आणि जमिनीच्या वर जेमतेम नाण्याएवढा. कोरड्या दिवसांत तो अंग आक्रसून मातीखाली जातो. तुम्ही त्याच्यावर उभे असाल तरी कळणार नाही. पावसानंतर शरदात मात्र भेगाळलेल्या गाळातून एकदम गुलाबी फुलं उमलतात. आदल्या वर्षी, फुलांच्या दिवसांत, काही माणसं पक्षी बघायला म्हणून आली होती. त्यांनी फुलांशेजारी खुणेचे दगड ठेवले. फुलं सुकली, झाडं मातीत लपली, आणि मग एके दिवशी दगडांजवळ नुसती भुसभुशीत माती राहिली. मुळासकट नेलं सगळं. निम्मं मैदान ओकंबोकं झालं.

मैदानाचा राखणदार होता सेनाइदाचा बाप, एवारिस्तो. लोक तोंडावर काही बोलले नाहीत, पण पाठीमागे म्हणत, "राखणदार झोपला होता, की त्याला झोपवलं होतं?" पुन्हा एक जरी झाड गेलं, तर गावसभा त्याची राखण काढून घेणार होती. आणि राखण गेली म्हणजे गावाच्या लेखी चोरी सिद्धच झाली. म्हणून सेनाइदा रोज मैदानावर चक्कर मारायची. घरी मात्र तिनं बापाला मडक्याचं सांगितलं नाही. "आईचं मडकं कशाला रानात न्यायचं? जपून ठेवलंय," असं म्हणून ती मीठ डब्यातून नेऊ लागली.

आठवड्यानं धारवाला गावात आला. बायकांचा घोळका पांगल्यावर सेनाइदानं सुरी पुढे केली.

"मडकं कुठाय?"

"अजून सांधायचंय."

"कशानं सांधणार?"

"ते गुपित आहे."

चाकावरून ठिणग्या उडत होत्या. तिची नजर त्याच्या हातांवरून हलेना.

"असं टक लावून बघू नका हो, बोट कापेल माझं."

"लक्ष ठेवतेय."

"माझ्यावर?"

"सुरीवर."

"मग ठीक," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, आपलं नशीब उघडलं..."

तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. गोड बोलणारी माणसं तिनं पाहिली होती. पक्षी बघणारेही गोडच बोलत होते.

त्याच संध्याकाळी तिनं त्याला पुन्हा पाहिलं — मैदानावर, गुडघ्यांवर बसलेला, हातात सुरी. ती बाभळीसारख्या एका झुडपाआड थांबली. तो उठला, मोटारसायकल ढकलत लांब नेली आणि मगच सुरू केली. ती धावत तिथं पोचली. एक पांढरा दगड. खाली भुसभुशीत माती. झाड नव्हतं.

तिनं दगड उचलून जोरात भिरकावला.

सेनाइदानं सांगितल्यावरून दुसऱ्या दिवशी शाळेच्या सावलीत गावसभा भरली. गावाची प्रमुख रेमेदिओस मावशी. तिच्या जिभेला कधी धारवाल्याची गरज पडली नाही. क्रिसांतो टोपी हातात घेऊन उभा होता.

"काय रे, शिटीवाल्या, मैदानावर कुणाची दाढी करत होतास?"

लोक हसले. तो हसला नाही. "एक हरणखूर कापला. उपटला नाही, मावशी. नुसता वरून कापला."

"मग कापलेलं डोकं कुठाय?"

त्यानं एकदाच सेनाइदाकडे पाहिलं, मग तिच्या बापाकडे, मग जमिनीकडे.

"बोल की! सुरीनं जीभ कापली का?"

"ते... मला सांगता येणार नाही."

"दगडही ठेवला होता," सेनाइदा म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "आदल्या वर्षीसारखाच."

मग काय, ओरडा झाला. मावशीनं हात वर केला. राखणदाराच्या पोरीनंच चोर दाखवला म्हणून एवारिस्तोची राखण तिनं तूर्त राहू दिली, आणि क्रिसांतोला बजावलं, "आमच्या हद्दीत पुन्हा शिटी वाजली, तर चाक जप्त करीन. चालू लाग!"

तो निघाला. तिच्या जवळून जाताना पुटपुटला, "पाऊस पडला की त्या दगडाखाली बघा."

सकाळी शेळ्यांच्या कुंपणावर आईचं मडकं ठेवलेलं होतं. त्यात मीठही भरलेलं. तड्यांवरून चिकाच्या काळसर रेघा गेल्या होत्या, नदीच्या फाट्यांसारख्या. सेनाइदा बघतच राहिली, आणि मागून बापाचा आवाज आला.

"हे कधी फुटलं?"

आता लपवायचं काय! तिनं सगळं सांगितलं. एवारिस्तोनं मडकं हातात घेतलं, उलटं केलं आणि तळाशी असलेल्या एका जुन्या रेघेवर अंगठा फिरवला.

"ही बघ. लग्नाआधी तुझ्या आईनं माझ्यावर चिडून आपटलं होतं. मी सांधलं. हरणखुराच्या चिकानं. डोकं तेवढं कापायचं, मूळ मातीत राहू द्यायचं, वर माती सारून पांढरा दगड ठेवायचा, म्हणजे शेळीचा पाय पडत नाही. पूर्वी सगळेच असं करायचे."

"मग काल सभेत बोलला का नाहीत, बाबा?"

"राखणदारानं चोराची बाजू घेतली म्हणाले असते." त्यानं मडकं खाली ठेवलं. "घाबरलो, पोरी."

म्हणजे क्रिसांतो गप्प बसला होता तो तिच्यासाठी. मडक्याचं नाव घेतलं असतं, तर बापासमोर, साऱ्या गावासमोर तिचं खोटं उघडं पडलं असतं. हे कळलं आणि तिनं मडकं उचलून छातीशी धरलं. पण संशय असा लगेच जात नाही. एक झाड चिकासाठी कापलं, हे खरं... पण मूळ खरंच ठेवलं होतं का? की तेही पिशवीत गेलं? उकरून बघावं, तर कोरड्या दिवसांत उघडं पडलेलं मूळ मरतं. थांबण्यावाचून इलाज नव्हता.

हिवाळा गेला. वाऱ्यानं धूळ उडवली. अधूनमधून लांबून, माटेवाला शहराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरून, शिटी ऐकू यायची. बरोब्बर हद्दीच्या बाहेरून. ती भाकरी थापता थापता थांबायची.

"गावात येत नाही आणि रस्ता सोडत नाही," बाप म्हणायचा. "चोर असा असतो होय?"

"चोर चिकाटीचेच असतात," ती म्हणायची. पण घरातल्या सुऱ्या बोथटल्या तरी दुसऱ्या धारवाल्याकडे तिनं दिल्या नाहीत.

आणि मग पाऊस आला. गाळ मऊ झाला, भेगा मिटल्या. सेनाइदा गुडघ्यांवर रांगत शोधू लागली. दगड तर तिनंच भिरकावला होता! झुडपापासून अंदाज घेत, बोटांनी पाणी बाजूला सारत... शेवटी ओल्या मातीत तिला ते दिसलं. कापलेल्या एका मुळातून दोन इवलीशी हिरवी डोकी वर आली होती, एकमेकांना खेटून. जणू हरीण नुकतंच तिथं उभं राहून गेलं होतं.

चिखलानं माखलेलीच ती रेमेदिओस मावशीच्या दारात गेली. "चला माझ्याबरोबर. ज्या तोंडानं त्याला चोर म्हटलं, त्याच तोंडानं मला आता दुसरं सांगायचंय. मडक्याचंही सांगायचंय."

मावशीनं वाकून ती डोकी बराच वेळ पाहिली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "न विचारता कापलं, ही चूक त्याची. दगड फेकलास, ही तुझी. तुझ्या बापाला आम्ही वर्षभर कोंडीत धरलं, ती आमची. सभेत सांगते मी. आणि त्या शिटीवाल्याला सांग, माझी विळी पार बोथटलीय."

शिटी वाजली तेव्हा रिमझिम सुरू होती. सेनाइदा पदरात सगळ्या सुऱ्या गुंडाळून हमरस्त्यापर्यंत धावली. तो हद्दीच्या दगडापलीकडे उभा होता, टोपीवरून पाणी गळत होतं. गुंडाळीकडे बघून तो दोन पावलं मागे सरला.

"एवढ्या सुऱ्या? मारायला आलात की धार लावायला?"

"ते तुझ्या उत्तरावर आहे. नेहमी इथं का वाजवतोस? गिऱ्हाईक तर एकही नसतं."

"एक होतं... येईल असं वाटत होतं."

"दोन डोकी आलीत," ती म्हणाली. "एका मुळाला."

त्याचा चेहरा असा उजळला की तिनं नजर खाली वळवली.

"तरी माझा संशय पूर्ण गेलेला नाही हं. आमच्याकडचं काही न्यायचं असेल, तर आधी विचारायचं असतं."

"चुकलं माझं. तेव्हा विचारलं नव्हतं." त्यानं टोपी काढली आणि हद्दीच्या दगडावर ठेवली. पाऊल मात्र आत टाकलं नाही. "आता विचारतो, सेनाइदा..."

पाऊस टपटपत होता. तिनं दगडावरची टोपी उचलली, झटकली, आणि स्वतःच्या डोक्यावर घालून गावाकडे चालू लागली.

"ये," मागे न बघता ती म्हणाली. "पण शिटी वाजवत ये. सगळ्यांना कळू दे."