दोन्ही डाव्या

"आश्चर्य म्हणजे, खेळ चांगला आहे हो!"

चपलांच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी मांडलेल्या टीव्हीवर नव्या व्हिडिओ गेमचा नमुना खेळता खेळता एक तरुण स्वतःशीच बोलला, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या लवंगीच्या अंगाचा तिळपापड झाला.

लवंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ऑफिसातल्यांनी स्वभाव बघून ठेवलेलं. ते किती चपखल आहे, हे त्या तरुणाला लगेचच कळलं.

"आश्चर्य कसलं त्यात?"

तो दचकला. पडद्यावरची चपलांची जोडी धप्पकन खड्ड्यात पडली.

"नाही, म्हणजे... चपलेच्या कंपनीचा खेळ. मला वाटलं, चार उड्या, वर कंपनीचं नाव, संपलं. पण ही उडी बघा ना! बटण हलकं दाबलं की टुणकन, धरून ठेवलं की लांब. आणि ओल्या फरशीवर घसरताना तर पोटात गोळाच येतो!"

त्या उडीपायी तिनं सात आठवडे घालवले होते. गाल गरम झाले... पण ते 'आश्चर्य' काही घशाखाली उतरेना.

"हा खेळ मी केलाय," ती म्हणाली.

तो उठून उभाच राहिला. मोठे डोळे, बोटांवर डिंकाचे डाग. "मग एक सांगू? रागावणार नाही ना?"

"आधीच रागावलेय. सांगा."

"या दोन्ही चपला डाव्या पायाच्या आहेत."

तिनं पडद्याकडे पाहिलं. खरंच की! वर्षभरात ना तिला दिसलं, ना साहेबांना, ना चपलेच्या कंपनीला. जागा वाचवायला तिनं एकच चित्र दोनदा वापरलं होतं. त्या काळी अख्खा खेळ कॅसेटमधल्या एवढ्याशा चिपेत कोंबावा लागे. आज एका फोटोला जेवढी जागा लागते, तिच्या शंभराव्या हिश्शातही तो मावला असता.

"तुम्ही कोण हो एवढे जाणकार?"

"मी या चपलांचे साचे कापतो. कारखान्यात," तो ओशाळून हसला. "डोळ्यांना सवयच लागलीये."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो ऑफिसात हजर. हातात पुठ्ठ्यावर कापलेली उजवी चप्पल! पुढच्या सोमवारी खेळ पक्का होऊन चिपेवर जाणार होता. मग एक ठिपकाही बदलता आला नसता. आठवडाभर तो रोज येत राहिला. चौकटीच्या कागदावर दोघं एकेक ठिपका भरत, आणि दोघांच्या पेन्सिली उगाचच एकाच चौकटीवर येत.

"अंगठा फार फुगलाय."

"तुमचं नाक फुगलंय. गप्प बसा."

शुक्रवारी चप्पल तयार झाली. आणि लवंगीचा चेहरा उतरला.

"जागा नाहीये. चिपेत चित्रांसाठी मोजकेच चौकोन असतात, सगळे भरलेत. हिला आणखी चार हवेत. फक्त एकच गोष्ट काढता येईल..."

"कोणती?"

तिनं खेळाचा शेवटचा पडदा दाखवला. त्यावर तिचं नाव होतं. 'जाहिरातीवर कोणी नाव घालतं का?' म्हणणाऱ्या साहेबांशी तीन महिने भांडून तिनं ते मिळवलं होतं. कंपनीच्या नावातली अक्षरं चिपेत आधीच होती; त्यांत नसलेली चार तिला आपल्या नावासाठी वेगळी काढावी लागली होती. अक्षराला एक, असे बरोब्बर चार चौकोन.

"जाऊ दे," असं म्हणून तिनं बटणाकडे बोट नेलं... आणि त्यानं तिचं मनगट धरलं.

"अजिबात नाही!" तो पहिल्यांदाच चिडला होता. "दहा वर्षं साचे कापतोय मी. गावभर लोक माझं काम पायात घालून फिरतात. एकाला तरी ठाऊक आहे का मी कोण ते? राहू देत चपला डाव्या. नाव काढायचं नाही!"

"चूक तुम्हीच काढलीत ना? लोक हसतील मला!"

"हसू देत. हसत हसत शेवटपर्यंत खेळतील, आणि तुमचं नाव वाचतील."

मनगट अजून त्याच्याच हातात होतं. हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं. पण ना त्यानं सोडलं, ना तिनं सोडवून घेतलं.

सोमवारी खेळ गेला. नावासकट. आणि तो यायचा थांबला.

एक आठवडा... दोन... तीन. "चुका काढायला बरा वेळ होता!" लवंगी धुमसत राहिली. त्यात एका वर्तमानपत्रानं छापलं, 'चपलेचा असूनही आश्चर्यकारक चांगला खेळ. फक्त दोन्ही चपला डाव्या!' तिनं त्या कागदाचा बोळा केला. मग उलगडून, सपाट करून खणात ठेवला.

आणि एका दुपारी तो दारात उभा. हातात खोका.

"हातानं शिवल्या. कारखाना सुटल्यावर थोड्या थोड्या, म्हणून वेळ लागला."

निळे पट्टे, पिवळी शिवण... हुबेहूब खेळातल्या चपला! तिनं डावी घातली. लोण्यासारखी बसली. दुसरी घालायला गेली, तर अंगठा शिरेना.

"दोन्ही डाव्या? थट्टा करता माझी?"

"माप बरोबर आहे ना?"

"माझं माप कसं कळलं तुम्हाला?"

"टेबलाखाली सँडल काढून बसता ना. आठवडाभर मी पडद्याकडे... फारसं बघतच नव्हतो."

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आणि उजव्या?"

"त्याही दोन आहेत. आमच्या घरी. आईनं कपाटात ठेवल्यात, कोणाला हात लावू देत नाही. म्हणजे... तुम्हाला चालायचं असेल, तर आमच्याकडे यावं लागेल. कायमचं."

"ही काय मागणी घालायची पद्धत झाली?" ती कडाडली.

"आवडली नाही?"

एका पायात निळी चप्पल, दुसरा पाय अनवाणी, अशी ती दोन पावलं चालली. मग खाली बघतच हळूच म्हणाली,

"आश्चर्य म्हणजे... चांगली आहे."

"आश्चर्य कसलं त्यात?" तो म्हणाला.