कठड्याची खीळ

आधी लाकूड करकरल्याचा आवाज आला, मग काहीतरी जड आदळल्याचा. त्यानंतर एकदम शांतता.

मार्वा स्टेनरूड तेव्हा सभागृहाशेजारच्या स्वयंपाकघरात हॅम सँडविच खात होती. अंगात पोस्टमास्तरणीचा झगा, डोक्यावर पांढरा विग. नाटकात तिला दोन वाक्यं होती आणि दोन्हींत ती अडखळायची, त्यावरून वेस्टर्डाल गावात तिची भरपूर थट्टा व्हायची. एरवी मात्र ती काउंटीची उपशेरीफ होती. हातातलं सँडविच टाकून सगळ्यांच्या आधी रंगमंचावर पोचली ती तीच.

व्हर्लिन ओक्स लाकडी दीपगृहाच्या पायथ्याशी पडला होता. डोळे उघडे होते, श्वास चालू होता, पाय मात्र हलत नव्हते. वर सज्जाच्या कठड्याचा एक भाग दारासारखा बाहेर उघडून लोंबत होता.

अँब्युलन्स त्याला घेऊन गेली. जीव वाचेल, पण पुन्हा चालेल की नाही सांगता येत नाही, असा निरोप थोड्याच वेळात इस्पितळातून आला.

संध्याकाळी पहिला प्रयोग होता. नाटक जुनंच, गावाच्या आवडीचं: दीपगृहाचा विधुर रखवालदार, त्याची सात मुलं आणि गाणीच गाणी. आजोबांनी पाहिलेलं नातवंडांना दाखवायचं, अशातलं. व्हर्लिन त्यात रखवालदार होता. मोटारींचं दुकान चालवणारा, गावातल्या प्रत्येक लग्नात गाणारा, स्वतःवर बेहद्द खूश असलेला माणूस.

दुपारची रंगीत तालीम तर छान पार पडली होती. शेवटी सगळे हसूनच बाहेर पडले होते. दिग्दर्शक प्रेस्कॉट आयलिंग मिनिआपोलिसहून यंदाच गावात राहायला आला होता आणि येताना एक समजूत घेऊन आला होता: नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत कधीच उच्चारायचं नाही, ते पहिल्या प्रयोगालाच. वेस्टर्डालमध्ये हे कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. पण पहिल्या वाचनाच्या दिवशी प्रेस्कॉटने सर्व नटांना बजावलं आणि सगळ्यांनी ते पाळलं. शेवटचं वाक्य व्हर्लिनचं. त्या जागी तो दर वेळी काहीतरी अचरट बोलायचा. आज त्याने सात मुलांकडे पाहत भरल्या गळ्याने सांगितलं, "प्रेस्कॉटची विजार मागून उसवली आहे." पियानोवालीला पुढचं वाजवता येईना, इतकं हसू आलं सगळ्यांना.

मग मंडळी खायला गेली आणि व्हर्लिन सवयीप्रमाणे एकटा वर चढला. प्रत्येक तालमीनंतर सज्जात उभं राहून, कठड्यावर रेलून, रिकाम्या सभागृहाला एक लांबलचक तान ऐकवायची, हा त्याचा शौक. तो अख्ख्या नाट्यमंडळाला माहीत होता.

मार्वाला पायथ्याशी बिजागरीची खीळ सापडली. हा कठडा दोन तुकड्यांचा, बिजागऱ्यांनी जोडलेला. नाटक संपलं की खिळी ओढायच्या आणि तुकडे वेगळे करायचे, म्हणजे सामान गाडीत मावतं. खीळ आपसूक निसटू नये म्हणून तिचं खालचं टोक पकडीने वाकवून ठेवतात. ही खीळ सरळ होती. पण मार्वाने ती खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवली, तेव्हा टोकाजवळ एक बारीक बाक दिसला. कुणीतरी वाकवलेली खीळ पुन्हा सरळ केली होती.

शेरीफला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, जुन्या खिळीला बाक असतोच. "सुताराचा निष्काळजीपणा, दुसरं काय? बावीस वर्षांपूर्वीही याच नाटकात, याच सज्जातून एक मुलगी पडली होती ना. तेव्हाही सुतारच विसरला होता. ऑरिन फॉसम. संध्याकाळपर्यंत त्या डेसमंडचा जबाब घे आणि मोकळी हो."

पंचवीस-सव्वीस वर्षांचा डेसमंड क्रूझ मागच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. गावात नवं दुकान टाकलेला सुतार. त्याने हे दीपगृह फुकट बांधून दिलं होतं, आपलं काम लोकांच्या नजरेत भरावं म्हणून. ते आता भलत्याच कारणाने भरणार होतं.

"खिळी वाकवल्या होत्यास?"

"सगळ्या. दोनदा बघितल्या."

"शेवटच्या प्रवेशाच्या वेळी कुठे होतास?"

"इथेच. सिगरेट ओढत होतो."

"कुणी पाहिलं तुला?"

"कोण पाहणार? सगळे आत होते." त्याने मान वर केली. "मार्वा, या गावात मला परत कुणी साधं कपाटसुद्धा करायला देणार नाही, हो ना?"

मार्वाला खोटं बोलवेना, म्हणून ती उठली.

तिने मनाशी हिशेब मांडला. पहिल्या अंकाच्या शेवटी व्हर्लिन त्याच कठड्यावर रेलून गायला होता, तेव्हा कठडा पक्का होता. शेवटचा प्रवेश पुढे, रखवालदाराच्या स्वयंपाकघरात घडतो आणि दीपगृह फक्त तेव्हाच काळ्या पडद्याआड असतं. नट झाडून सारे त्या प्रवेशात. प्रेस्कॉट आणि दिवेवाला सभागृहात शेजारी शेजारी बसलेले. पियानोवाली पियानोवर. म्हणजे खीळ ओढली गेली ती त्याच वेळी, आणि ती ओढायला मोकळी होती फक्त तिघं. डेसमंड, कपडेपट सांभाळणारी आयडेला आणि व्हर्लिनची बायको कोरीन.

आयडेला तळघरातल्या शिवणखोलीत होती. ऑरिन फॉसमची ही विधवा यंदा बावीस वर्षांनी पहिल्यांदा मंडळाच्या कामाला हात लावत होती. सगळे कपडे तिने घरी बसून शिवले होते, तालमीला आली ती आजच. सत्तरीला टेकलेली बाई, पण हात कसे यंत्रासारखे चालायचे. मार्वाने काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "त्या मुलाला उगाच छळू नकोस. त्याने खिळी वाकवल्याच असणार. त्याचं काम मी पाहिलंय."

"कुणालाच छळत नाही मी. सगळ्यांना विचारतेय, तसं तुम्हालाही विचारते. शेवटच्या प्रवेशाला कुठे होता तुम्ही?"

"सभागृहात. अगदी मागच्या रांगेत."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. ऑरिनच्या वेळी हे नाटक मी रोज पाहायचे, पाठ आहे मला. तरी आज तो व्हर्लिन म्हणाला ना, 'मग, आज दिव्याची पाळी कुणाची?', तेव्हा माझा गळा दाटून आला. तशीच उठले आणि खाली आले."

मार्वाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हातारीला उगाच दुखावलं, असं तिला वाटलं. पण जिना चढताना काहीतरी खुपत होतं. काय ते कळेना, आणि विगखाली डोकं खाजत होतं.

कोरीन ओक्स स्वयंपाकघरात पर्स मांडीवर घेऊन, इस्पितळात पोचवणाऱ्या मोटारीची वाट पाहत बसली होती. तिने काही आडपडदा ठेवला नाही.

"त्याला ढकलून द्यावंसं मला वर्षातून दहादा वाटतं. पण त्या शिडीवर चढायला माझे गुडघे हवेत ना. मी इथे सँडविच कापत होते. शेवटी सगळे खदाखदा हसले, ते ऐकलं. काय बोलला तो?"

"प्रेस्कॉटच्या विजारीबद्दल. कोरीन, त्याच्यावर कुणाचा राग होता?"

कोरीनने पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला. मग म्हणाली, "वसंतात मंडळाचं जेवण झालं, तू त्या दिवशी ड्यूटीवर होतीस. डेसमंड खिळींचं काहीतरी सांगत होता. तर व्हर्लिन म्हणतो, नीट वाकव बरं, नाहीतर माझ्यासारखा कुणी बियरसाठी ओढून काढायचा. बावीस वर्षांपूर्वी हा त्या नाटकात थोरला मुलगा होता. दोरीने बियरची पेटी वर घ्यायची म्हणून यानेच कठडा उघडला आणि खीळ परत लावायला विसरला. दुसऱ्या दिवशी ती मुलगी पडली. मी टेबलाखालून लाथा मारत होते, पण हा थांबेल तर ना. सगळे हसले."

"सगळे?"

"आयडेला तेवढ्यात ओव्हनमधून काढलेलं हॉटडिशचं भांडं घेऊन आली होती. दारातच उभी होती. भांडं जरासुद्धा हललं नाही बघ तिच्या हातात. टेबलावर ठेवलं आणि पहिलं ताट तिने व्हर्लिनला वाढलं."

मार्वाला आता कारण दिसलं. पण मनात राग असणं हा काही गुन्हा नव्हे, आणि आयडेला तर सभागृहात बसली होती.

बाहेर सभागृहात प्रेस्कॉट रांगांमधून येरझाऱ्या घालत होता. प्रयोग रद्द करावा की पुढे ढकलावा, हे त्याला ठरवता येत नव्हतं. विजार खरंच उसवली होती, याचंही त्याला भान नव्हतं.

"तीन महिने जपलं आम्ही ते वाक्य," तो म्हणाला. "एकदाही, एका तालमीतही उच्चारलं नाही. आणि आता ते बोलायला माणूसच नाही."

मार्वाने विग काढून खुर्चीवर ठेवला. खुपत होतं ते काय, हे तिला आता कळलं होतं. तिला आनंद मात्र मुळीच झाला नाही.

ती पुन्हा तळघरात गेली, तेव्हा आयडेला रखवालदाराच्या कोटाची बटणं पक्की करत होती. मार्वा तिच्यासमोर स्टुलावर बसली.

"आयडेला, तुम्ही सभागृहात नव्हता."

सुई थांबली नाही.

"व्हर्लिन ते दिव्याच्या पाळीचं शेवटचं वाक्य बोललाच नाही. प्रेस्कॉटच्या समजुतीपायी ते तालमीत बोलायचं नसतं. नटांना सांगितलं होतं, तुम्ही तेव्हा आला नव्हता. व्हर्लिन विजारीचं काहीतरी बोलला आणि गळा कुणाचाच दाटला नाही, सगळे हसले. स्वयंपाकघरात कोरीनलासुद्धा ते ऐकू गेलं. तुम्हाला नाही गेलं, कारण तोवर तुम्ही काळ्या पडद्यामागून इकडे उतरला होता. तिऱ्हाइताला ते वाक्य ठाऊकच नसतं, तो असलं काही बोललाच नसता. तुम्हाला ते पाठ होतं, म्हणून फसलात."

आयडेलाने दोरा दाताने तोडला.

"खीळ वाकवलेली होती," मार्वा पुढे म्हणाली. "पकडीने सरळ करून ओढली. दीपगृहाच्या खिळी कशा बसवतात, हे नटांना सहसा माहीत नसतं. सुताराला असतं, नाहीतर सुताराच्या बायकोला. व्हर्लिन नंतर वर चढतो, हे गावाला माहीत आहे. आणि ते का केलंत, तेही मला कळलं. जेवणाच्या दिवशी तुम्ही दारात उभ्या होता."

आयडेलाने ॲप्रनच्या खिशातून एक जुनी पक्कड काढली आणि टेबलावर ठेवली. "ऑरिनची," ती म्हणाली. "याच सभागृहात त्याला उभं केलं होतं. तू विसरलास, असं सगळ्यांनी सांगितलं. चार वेळा म्हणाला तो, मी वाकवल्या होत्या. शेवटी स्वतःलाच वाटायला लागलं त्याला की विसरलोच असणार. मग कामं गेली, मग बाटली आली, तिसऱ्या हिवाळ्यात गॅरेजमध्ये गारठून मेला. मरेपर्यंत मला विचारायचा, आयडेला, वाकवल्या होत्या ना गं? मी हो म्हणायचे. पण मलासुद्धा पुरती खात्री नव्हती. व्हर्लिनने माझ्याकडून हेसुद्धा नेलं. आणि त्याचा विनोद करून जेवणावर सांगतो."

"मला सांगायचं होतंत."

"तू काय केलं असतंस? बावीस वर्षांपूर्वीच्या बियरबद्दल त्याला पकडलं असतंस?"

मार्वाने पक्कड आपल्याकडे ओढली.

"मला पश्चात्ताप झालेला नाही," आयडेला म्हणाली. "मेला नाही हे बरंच झालं. खाटेवर पडून राहू दे. तान कुणाला ऐकवायची, ते शोधू दे."

"आणि डेसमंड?"

आयडेलाचे हात पहिल्यांदाच थांबले.

"शेरीफला संध्याकाळपर्यंत त्याचा जबाब हवाय. निष्काळजी सुतार. तुम्ही व्हर्लिनवर सूड घेतलात, पण ऑरिनच्या जागी आता हा उभा आहे. तो पण हेच म्हणतोय, मी वाकवल्या होत्या. आणि त्यावरही कुणाचा विश्वास नाही."

म्हातारीने पकडीकडे पाहिलं. हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. नंतर तिने कोट घडी करून बाजूला ठेवला आणि उठली.

"वर चल. सगळ्यांना बोलाव. हे इथे तळघरात नको."

मार्वाने बोलावलं. खरं तर नियमात बसणारं नव्हतं ते, पण तिने बोलावलं. सगळी मंडळी रांगांमध्ये बसली, सात मुलांचे झगे आणि टोप्या अजून अंगावरच होत्या. डेसमंड दारापाशी उभा राहिला. आयडेला रंगमंचाच्या कडेला येऊन उभी राहिली आणि आवाज न चढवता तिने सगळं सांगितलं. स्वतःचं दोन वाक्यांत, व्हर्लिनचं सविस्तर. जेवणावर जे हसले होते, त्यांच्याकडे तिने एकेक करून पाहिलं.

"या मुलाचा काही दोष नाही," ती म्हणाली. "त्याने खिळी वाकवल्या होत्या. आणि ऑरिनने वाकवल्या होत्या. म्हणा."

मंडळी एकमेकांकडे पाहू लागली.

"बावीस वर्षं उलटं म्हणालात. एकदा हे म्हणा. मग मी जाते."

डेसमंड आधी म्हणाला. मग कोरीन, खाली मान घालून. मग हळूहळू सगळे म्हणाले, बावीस वर्षांपूर्वी हजर असलेलेही आणि त्यानंतर जन्मलेलेही. "ऑरिनने खिळी वाकवल्या होत्या." आयडेलाने ते शेवटच्या माणसापर्यंत ऐकून घेतलं, मग ॲप्रन सोडून खुर्चीवर टाकला.

मार्वा हलक्या आवाजात म्हणाली की गाडी मागे लावली आहे, तिकडून गेलं तर लोकांच्या नजरा चुकतील.

"मागच्या दाराने त्यांनी ऑरिनला घालवलं होतं," आयडेला म्हणाली. "मी पुढच्या दाराने जाणार. गाडी तू पुढे आण."

मार्वा गाडी आणायला गेली.