अर्धी राहिलेली गुंफा

विकी, मोबाइल खिशात घाल आणि जवळ सरक. ही ऐकीव गोष्ट नव्हे, आमच्या भीमराजच्या बाबतीत घडलेली आहे. दोन हजार पंचवीस, अकरा मार्च, मंगळवार. रात्री पावणेनऊला तो माझ्या हार्डवेअरच्या दुकानात बॅटरी घ्यायला आला.

"शेठ, चांगली द्या. डोंगरावर जायचंय."

"आत्ता? बिबट्याला डबा पोचवायला चाललास काय रे?"

हसला नाही. त्याची मुलगी दर्शना, नर्सच्या नोकरीसाठी तिची निवड झाली होती. सकाळी नऊला कागदपत्रांची तपासणी. मार्कशीट, जातवैधता, सगळं ओरिजिनल एका निळ्या फायलीत. दुपारी झेरॉक्स काढून बापलेक मुलुंडच्या मागच्या डोंगरातली गुंफा बघायला गेले आणि फाइल तिथेच राहिली. कागद नाहीत तर नोकरी नाही.

गुंफा कुठली ते सांगणार नाही. उद्या सगळे सेल्फी काढायला पळाल. लहानशीच आहे. भिक्खूंसाठी कोरायला घेतली आणि कोणीतरी मध्येच सोडून गेलं. घरामागे असलं काही असतं आणि आपण लोणावळ्यात गर्दी करतो!

मी म्हणालो, "थांब, शटर पाडून येतो." थांबला नाही.

बिबट्याच्या वाटेवर काठी आपटत जातात ना, तसा निघाला. साडेनऊला वर पोचला. चांदणं होतं. विहाराची जागा म्हणून चपला बाहेर काढल्या. काठी हातातच.

आत शिरून काठी आपटली. ठक.

आतून आलं… ठक.

घुमतंय, त्याला वाटलं. पुन्हा आपटली. पुन्हा आलं.

मग त्याने काठी आपटणं थांबवलं.

ठक… ठक… ठक…

"काका, बिबट्याच असणार."

बिबट्या छिन्नी धरतो का रे, विकी? तो आवाज भीमराजने मला काउंटरवर वाजवून दाखवलाय. तीस वर्षं छिन्न्या विकतोय मी.

बॅटरी फिरवली. कोणी नाही. अनवाणी पायांना काहीतरी टोचलं. दगडाच्या कपच्या. दुपारी जमीन साफ होती…

समोर भिंतीत कोनाडा. त्यात निळी फाइल.

हात घातला.

आवाज थांबला.

कानाशी कोणीतरी श्वास सोडला… दिवसभर राबलेला माणूस सोडतो तसा.

भीमराज मागे वळला नाही. चपलाही घेतल्या नाहीत.

घरी दर्शनाने फाइल छातीशी धरली. "बाबा, लगेच सापडली?"

"कोनाड्यात नीट ठेवली होतीस ना."

"कुठला कोनाडा? मी खाली ठेवली होती, भिंतीला टेकवून."

…

तिच्या मोबाइलमध्ये दुपारचे फोटो होते. बापलेकांनी एकेक मोठा करून पाहिला. भिंत सलग. साधी खाचही नाही.

दर्शना नोकरीला लागली, सुखात आहे. मी मात्र स्वस्थ बसणारा नव्हे. रविवारी भरउन्हात एकटा वर गेलो.

कोनाडा आहे.

आजूबाजूचा दगड जुना, शेवाळलेला. कोनाड्यातला… ताजा. बोट लावलं तर धूळ आली. टेप लावून मापलं. बरोब्बर फायलीच्या मापाचा. आणि वरच्या कडेला, फाइल ओढून काढायला चार बोटं शिरतील, एवढी जागा सोडलेली.