पाच अल्बमांचा कान

आलेखावरच्या दोन रेषा जुळत नव्हत्या. डॉ. शलाका हर्डीकरांनी गणित तिसऱ्यांदा चालवलं, तरी उत्तर तेच आलं.

पुण्याच्या श्रवण संशोधन केंद्रात केशपेशी पुनर्जननाचा प्रयोग आता माणसांवर सुरू झाला होता. कानाच्या आतल्या शंखात बारीक केसांच्या पेशी असतात, आवाज आधी त्या पकडतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. शलाकाबाईंनी त्या उगवायला लावणारं औषध तयार केलं होतं. अट एकच होती. कोणत्या पेशी कधी मेल्या हे ठाऊक असल्याशिवाय मात्रा ठरवता येत नसे. त्यासाठी किमान पंचवीस वर्षांचे श्रवण-अहवाल लागत.

प्रयोगातली शेवटची जागा ऑल्विन तुस्कानो यांना मिळाली होती. वसईचे गिटारवादक, वय एकाहत्तर. एकेकाळी त्यांच्या 'अग्निज' या रॉक बँडने मैदानं दणाणून सोडली होती. बँड मोडल्यावर तीस वर्षांत त्यांनी एकट्याने पाच अल्बम काढले. ते कुणालाच आवडले नाहीत. डावीकडून पत्रा घासल्यासारखा आवाज येतो, म्हाताऱ्याचे कान गेले, असं समीक्षकांनी लिहिलं. आणि तुस्कानोंकडे श्रवण-अहवालाचा एक कागदही नव्हता.

"अहवाल नसले तरी अल्बम आहेत," गणिताची बाजू सांभाळणारे डॉ. इरफान मुलाणी म्हणाले होते. "मिक्सिंग करणारा माणूस त्याला जे कमी ऐकू येतं तेच वाढवतो. म्हणजे प्रत्येक अल्बम हा त्या वेळच्या कानाचा उलटा ठसा. वाढवलेलं वजा केलं, की कान मिळतो."

या 'कर्णठशा'ने पाचही अल्बमांतून तीस वर्षांचा कान काढून दिला. पडताळा म्हणून शलाकाबाईंनी 'मिठागर' हा पाचवा अल्बम त्या ठशातून गाळून ऐकला. पत्र्याचा आवाज नाहीसा झाला. मागे दबलेली गिटार पुढे आली, आणि एका संथ, मोकळ्या गाण्याने खोली भरून गेली. गाणं संपल्यावरही त्यांना हेडफोन काढवेना.

आज तुस्कानोंच्या कानांची प्रत्यक्ष तपासणी झाली होती. बिघाड होता तो उजव्या कानात, तोही मध्यम. डावा कान वयाच्या मानाने ठणठणीत. ठशातला डावा कान मात्र सेकंदाला चार हजार कंपनांच्या वरच्या, बारीक आवाजांना जवळजवळ मेलेला होता.

"'मिठागर' येऊन दोन वर्षं झाली, तेवढ्यात कान सुधारला असेल?" इरफाननी विचारलं.

"आपोआप सुधारत असता तर आपण इथे काय करतोय?"

इरफान आलेखाकडे बघत राहिले. "मग हा कान त्यांचा नाही."

शलाकाबाईंनी तुस्कानोंना आत बोलावलं आणि दोन्ही रेषा त्यांच्यापुढे ठेवल्या. "सर, हे अल्बम कुणाच्या कानाने केलेत?"

म्हातारा ठशाच्या रेषेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "मनवेल लोपीस. आमचा ड्रमर. माझा अँप्लिफायर त्याच्या डाव्या अंगाला असायचा. कानात शिट्टी वाजते, कमी कर, असं तो सोळा वर्षं सांगत होता. मी दरवेळी वाढवत गेलो. बँड मोडला तो त्याला ऐकू येईना म्हणून. लोकांना आम्ही भांडण झालं असं सांगितलं."

"आणि अल्बम?"

"त्याला शेजारी बसवून केले. मिक्सरवरची एकेक पट्टी चढवायची आणि विचारायचं, आता येतंय का? तो हात वर करेपर्यंत थांबायचं नाही." त्यांनी मान वर केली. "डॉक्टर, त्याच्याकडेही अहवाल नाहीत. पण हे तुमचं गणित त्याचे अहवाल म्हणून चालेल का?"

शलाकाबाई चमकल्या. "चालेल. पण जागा एकच आहे."

"मग ती त्याची."

"तुमचा उजवा कान आणखी बिघडेल."

"कळलं."

"आणखी एक सांगायला हवं. त्यांचा कान बरा झाला की हे पाचही अल्बम त्यांनाही तसेच कर्कश लागतील, जसे सगळ्यांना लागतात."

तुस्कानोंनी डोळे मिटले. "माझा तो एकच श्रोता आहे."

"म्हणूनच विचारते. सावकाश ठरवा."

"ठरवायचं काय त्यात? त्याचा कान मी घेतलाय," ते म्हणाले आणि माघार घेतल्याच्या कागदावर त्यांनी सही केली.

पाच महिन्यांनी मनवेल लोपीस केंद्राच्या ध्वनिकक्षात बसले होते. केळीच्या बागेत राबून रापलेला, उंच, अबोल माणूस. शेवटची चाचणी नुकतीच झाली होती. डाव्या कानाची रेषा तरुण माणसासारखी सरळ आली होती. बाहेर एक बुलबुल ओरडत होता. ते मान वळवून ऐकत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही.

"आता 'मिठागर' लावा," ते म्हणाले.

तुस्कानो खिडकीपाशी गेले. शलाकाबाई मनवेलना हळूच म्हणाल्या, "काका, तुमच्या जुन्या कानाच्या ठशातून गाळून लावते. पूर्वीसारखंच ऐकू येईल."

"नको. लोकांना मिळालं तसंच लावा."

पहिल्याच सुरावर मनवेलच्या तोंडावर वेदना उमटली. डाव्या बाजूने तो कर्कश, घासणारा आवाज आला. त्यांचा हात कानाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. तुस्कानोंना ते बघवेना. ते पुढे झाले, यंत्र बंद करायला हात पुढे केला.

मनवेलने त्यांचं मनगट धरलं.

"राहू दे, ऑल्विन. तीस वर्षं माझ्यासाठी तू काय ऐकून घेतलंस, ते मला आज ऐकू येतंय."