मोकळी ठेवलेली वाट

नवस मी आयुष्यात पुष्कळ बोलले, पोरी. कुणाला भाजलेलं डुक्कर, कुणाला बदकं, तुझ्या नवऱ्याचा ताप उतरावा म्हणून एकदा देवळात नाचही करवला. ते सगळे फेडून झाले. एकच नवस असा की तो फेडून संपत नाही. वाट मोकळी ठेवण्याचा. आज तो तुला सांगते. दिव्याजवळ सरक, तुंजुंग, आणि तो भिंतीवरचा कागद इकडे घे. सांभाळून, कडा झिजल्यात.

तेव्हा मला गावात नाव नव्हतं. आपल्या बातुआन गावाची रीत तुला माहीतच आहे, मूल झालं की आईबापांची नावं मागे पडतात, ‘अमक्याची आई’ हीच हाक. माझी दोन मुलं पोटातच गेली होती. बायका मला हाक मारताना जरा अडखळायच्या, आणि ते अडखळणंच मला लागायचं. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सासूबाई नव्हत्या. आदल्याच वर्षी त्यांचं दहन होऊन राख समुद्रात सोडली होती.

सासूबाई तोंडाने तिखट, पण जीव लावणाऱ्या. देवळात नैवेद्याची उंच टोपली डोक्यावर घेऊन निघाल्या की दोन्ही हात मोकळे, झुलते. मला ते कधी जमलं नाही. माझा एक हात टोपलीला, दुसरा कमरेला. “चहाची किटली निघाली बघा देवळाला!” असं त्या वाटभर म्हणायच्या. “हात लावायचा तर डोक्यावर घ्यायची कशाला गं?”

तर एका संध्याकाळी मी दिव्यांची काजळी खरवडत बसले होते. तुझे सासरे चित्रं काढायला त्या काजळीचीच शाई करायचे. मला म्हणाले, “पुरे. या चित्राला शाई कमी लागेल.”

मला नवल वाटलं. आपल्याकडे चित्रात बोटभर जागा कोरी सोडत नाहीत. पानावर पान, पानाआड बगळा, बगळ्याआड राक्षस. पण शेजारच्या गावात एक गोरा चित्रकार येऊन राहिला होता, त्याच्याकडे हे जाऊन बसायचे. उजेड एका बाजूने कसा पडतो, सावली कशी टाकायची, जवळचं मोठं आणि लांबचं लहान कसं काढायचं, हे त्याने दाखवलं. ह्यांनी या कागदावर झाडं, पानं आपल्याच पद्धतीने भरली, पण मधोमध एक वाट सोडली. कोरी, पांढरी. दक्षिणेला समुद्राकडे निमुळती होत गेलेली.

केतुतकाका, म्हणजे ह्यांचे धाकटे काका, देवळातल्या पडद्यांवर चित्रं काढायचे. ते येऊन बघून गेले.

“लांबचा माणूस लहान? म्हणजे मी बाजारात पोचेपर्यंत बेडकाएवढा होतो काय? बायकोला सांगतो, खूश होईल.”

“डोळ्याला तसं दिसतं, काका.”

काका हसायचे थांबले. “आपल्या चित्रात लांब असं काही नसतंच रे. देव, राक्षस, माणसं, सगळी इथेच दाटीवाटीने. तू लांब काढलंस, वर वाटही काढलीस. आता त्या लांबून कोणी निघालं तर?”

दुसऱ्या दिवशी कातरवेळी मी धूप फिरवत होते. बेडूक ओरडायचे एकदम थांबले. सहज चित्राकडे बघितलं, तर वाटेच्या पार टोकाला मोहरीएवढा ठिपका. माशीची घाण असेल म्हणून बोटाने पुसला. पुसला गेला नाही. हातांना मात्र गार वाटलं, पहाटे समुद्रावर वाटतं तसं.

पुढे तो तांदळाएवढा झाला. मग त्याला डोकं आलं. डोक्यावर काहीतरी उंच आलं.

“तुम्ही काढलंत?” मी विचारलं.

“मी ब्रशला हातसुद्धा लावला नाही...” ते म्हणाले, आणि माझ्या पोटाकडे बघत राहिले.

चित्रातल्या सगळ्या झाडांची सावली डावीकडे पडली होती. त्या आकृतीची मात्र सरळ आमच्याकडे. पातळ, लांब, वाटेवरून घरंगळत यावी तशी.

त्या संध्याकाळी माझ्या पोटात कळ उठली. आधीच्या दोन्ही वेळेला उठली होती, तीच. मी खांबाला धरून खाली बसले. हे धावत जाऊन काकांना घेऊन आले. काकांनी चित्र पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला.

“लेयाक आहे. पोटुशीच्या वासावर येते ती चेटकीण. वाट बुजव. झाडं भर, दगड भर, काहीही भर... आत्ता.”

ह्यांनी ब्रश काकांच्या हातात दिला, आणि काकांनीच तो शाईत बुडवला. मी कशीबशी उठले आणि दिवा धरला. माझंही तेच म्हणणं होतं, भरा लवकर, माझं मूल राहू दे. ब्रश कागदाला टेकणार एवढ्यात वास आला. लवंग घातलेल्या विड्याचा. आमच्या घरात तेव्हा विडा खाणारं कोणी उरलं नव्हतं.

मी दिवा खाली नेला. काकांचं मनगट धरलं.

“काका... तिचे हात बघा.”

“कसले हात?”

“टोपलीला नाहीत.”

काकांनी वाकून पाहिलं. मग काका त्या कागदाला हळूच म्हणाले, “वहिनी...?” ब्रशमधून शाई ठिबकली. हा बघ तो डाग, कडेला.

मी तिथेच हात जोडले. आई, तुम्ही या. मूल माझ्याजवळ राहिलं तर ही वाट कधी बुजवू देणार नाही. रोज कातरवेळी चार फुलं, चिमूटभर भात आणि एक दिवा तिच्यासमोर ठेवीन. उजाडेपर्यंत कळ थांबली होती.

तुझा नवरा, सादिया, जन्मला त्या दिवशी वाट पुन्हा कोरी होती. रिवाजाप्रमाणे आम्ही अंगात येणाऱ्या बाईकडे गेलो, या बाळाच्या रूपाने घरातलं कोण परत आलं ते विचारायला. बाई घुमली आणि आधी काय म्हणाली असेल? “किटले, भात गिच्च केलास!” हे रडले, मी हसले. तेव्हा पोरी, तुझा नवरा म्हणजे माझी सासू आहे. हसतेस काय? भात गिच्च झाला की घरात तोंड कोण वाकडं करतं?

त्या दिवसापासून मी सादियाची आई. एक संध्याकाळ चुकवली नाही.

आता तुला दिवस गेलेत. लाजू नकोस, अजून त्यालाही सांगितलं नाहीस हे मला माहीत आहे. मला वाटेनेच सांगितलं. दिवा जवळ घे. दिसतेय? काल तांदळाएवढी होती. नीट बघ, डोक्यावर टोपली आहे. एक हात टोपलीला. दुसरा...

“कमरेला,” तू म्हणालीस, आणि तुझा आवाज असा का झाला गं? “आई... पण तुम्ही तर इथे बसलाय.”

बसलेय ना. अजून बसलेय. रडू नकोस, वेडे, यात रडण्यासारखं काय आहे? किटली हळू चालते, तिला यायला वेळ लागेल. फक्त माझ्या मागे कोणी घाबरून ही वाट बुजवायला आलं, तर त्याचं मनगट धर. कातरवेळी फुलं, भात आणि दिवा ठेव. चल, हात जोड आणि माझ्यासारखाच नवस बोल. हळू बोललीस तरी चालेल. तिला ऐकू जाईल इतकी ती जवळ आलीय.