तिलवाऱ्यापलीकडची जमीन

दिवाकर गोहोकर चित्रं काढतात हे घमापूर मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत होतं, आणि त्या चित्रांत काही नसतं हेही सगळ्यांना माहीत होतं. कारखान्यातून सायकलवर परतताना कोपऱ्यावरचा पानवाला हटकायचाच, "क्यों गोहोकर बाबू, इस बार तो कुछ बना रहे हो न?" गोहोकर घंटी वाजवून पुढे जायचे. कोणाच्या बोलण्याने अंगाला भोकं पडत नाहीत, हे त्यांना फार आधी कळलं होतं.

पोटापाण्याला ते कारखान्याच्या रंगखात्यात सुपरवायझर होते. तोफगाड्यावर चढलेला हिरवा रंग वाळला की नाही, पुढे पोपडे धरेल की टिकेल, हे ते बोट फिरवून सांगायचे. चित्र मात्र रविवारचं. सकाळी नदीवरचा तिलवाराघाटाचा पूल ओलांडायचा, नागपूरच्या सडकेने पुढे जाऊन एखाद्या बांधावर बसायचं. जवळ कागद नाही की पेन्सिल नाही. बायकोने, राधाबाईंनी, बांधून दिलेली पोळीभाजी खायची आणि दिवसभर जमिनीकडे बघत राहायचं. घरी येईपर्यंत डोळ्यांत जेवढं उरेल तेवढंच कॅनव्हासवर उतरायचं. खाली काळ्या मातीचा रुंद पट्टा, मग वाळल्या गवताचा, वर आभाळ. झाड नाही, देऊळ नाही, आणि माणूस तर नाहीच नाही.

"माणूस काढला का सगळे त्याच्याचकडे पाहतात," ते म्हणायचे. "जमिनीकडे कोण पाहते मंग?"

त्यांचा आणखी एक नेम होता. चित्र बरंच पुढे गेलं की ते उलटं टांगायचं आणि काही दिवस तसंच बघायचं. डोकं खाली, पाय वर करूनही जे तोललेलं दिसतं तेच चांगलं चित्र, असं त्यांचं मत होतं. राधाबाई म्हणायच्या, सरळ टांगलं तरी मला उलटंच दिसते.

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर नागपुराहून कळलं की जानेवारीअखेरच्या प्रदर्शनात त्यांचं एक मोठं चित्र घेणार आहेत. वीस वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारलं होतं. गोहोकरांनी बाहेरच्या खोलीतलं लाकडी कपाट हलवलं, दारासमोरच्या भिंतीवर मोठा कॅनव्हास टांगला आणि कंबर कसली. हे चित्र ते पुरं करणारच होते. लढाई लागो, कारखान्यात जादा पाळ्या लागोत, काही होवो.

लढाई लागलीच. रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून घरोघरी खिडक्यांना खाकी कागद चिकटले. त्यांचा बंडू, एकुलता एक मुलगा, फौजेत होता आणि पूर्वेला कुठेतरी होता. नोव्हेंबरातल्या पत्रानंतर त्याचं पत्र आलं नव्हतं. राधाबाई रोज पोस्टमनच्या वेळी उंबऱ्यात बसायच्या. गोहोकर रविवारी सकाळी खिडकीचा कागद काढायचे आणि रंगवायला लागायचे. काळजी त्यांनाही होतीच, पण हात चालू असला की ती जरा लांब बसायची.

कमानिया गेटजवळचा फ्रेमवाला श्यामसुंदर माप घ्यायला आला, त्या दिवशी ही गोष्ट सुरू झाली. टेप लावता लावता तो थांबला.

"दादा, ये आदमी कौन है?"

"कोणता आदमी?"

श्यामसुंदरने बोट दाखवलं. गवताचा पट्टा आभाळाला भिडतो तिथे नखाएवढी करडी खूण होती. उभी, वर जरा जाड, खाली दुभंगलेली. गोहोकरांनी चष्मा पुसून पाहिलं. ही खूण त्यांनी काढलेली नव्हती.

खालच्या थरातला रंग वर आला असणार, ते म्हणाले. श्यामसुंदर गेल्यावर त्यांनी सुरीने ती जागा खरवडली आणि वरून गवताचा रंग चढवला. पुढच्या रविवारी खूण परत होती. मात्र आभाळाला लागून नव्हती, थोडी खाली, गवतात उतरली होती. आधीच्या जागी आता नुसतं गवत होतं, स्वच्छ.

गोहोकर भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हते. रंग माणसाला फसवतो, हे तर त्यांना कामावर रोजच दिसायचं. त्यांनी एका पत्र्यावर तेच रंग, त्याच क्रमाने, तेवढ्याच थरांत लावले आणि तो उन्हात ठेवला. पत्रा साफ राहिला. मग त्यांनी चित्रातली खूण पुन्हा खरवडली, पार कॅनव्हासचे धागे दिसेपर्यंत, रंगाचा थर दिला आणि नेमाप्रमाणे चित्र उलटं टांगलं.

चार दिवसांनी कारखान्यातून आल्यावर सायकल भिंतीला लावता लावता त्यांची नजर आत गेली. चित्र उलटंच होतं. काळी माती वर, आभाळ खाली. खूण मात्र सरळ उभी होती. डोकं वर, पाय खाली.

त्यांनी हातपाय धुतले. चहा प्यायला. मग चित्र उतरवलं, नीट फिरवून पुन्हा टांगलं आणि पाठ करून बसले. वळून पाहिलं तेव्हाही खूण सरळच होती. एखादा डाग असा वागत नाही, हे रंगखात्यातल्या माणसाला कोणी सांगायला नको होतं. त्यांना भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. आयुष्यभर ज्याला दारात उभं केलं नाही तो न विचारता आत घुसत होता. त्यांनी सुरी घेतली.

राधाबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि चित्रासमोर उभ्या राहिल्या. एवढी वर्षं त्यांनी त्या चित्रांकडे कधी धड पाहिलं नव्हतं.

"काहून पुसून राहिले जी?"

"माझ्या चित्रात माणूस नसते."

"हा माणूस नाही. हा बंडू आहे."

"राधा, काहीतरीच नको बोलू."

"डावा खांदा पहा ना. खाली टाकून चालून राहिला. शाळेचं दप्तर होतं तवापासून असाच चालते तो." त्यांचा आवाज चढला नाही. "त्याले पुसाल तर माझ्या हातचं पाणी नाही प्यायचं तुम्ही."

गोहोकर बराच वेळ सुरी धरून उभे राहिले. मग त्यांनी ती खाली ठेवली. प्रदर्शन, वीस वर्षं, नेम, सगळं एका बाजूला आणि ही बाई एका बाजूला. हरलो असं त्यांना वाटलं, आणि वाटूनही त्यांनी पुन्हा सुरीला हात लावला नाही.

त्यानंतर ते दोघं फक्त बघत राहिले. खूण गवत ओलांडून काळ्या मातीत आली. नखाएवढी होती ती बोटाएवढी झाली. पाठीवर काहीतरी ओझं असावं असा वाकलेपणा तिच्यात आला. राधाबाई सकाळी पूजा झाली की आधी तिथे यायच्या. "आज बरंच चालला," म्हणायच्या, आणि दिवसभर त्यांचं तोंड उजळलेलं असायचं.

लढाई थांबली. गल्लीत पेढे वाटले गेले. आणि जानेवारीत, सकाळच्या वेळी, खांद्यावर होल्डॉल घेऊन बंडू दारात उभा राहिला.

गोहोकर रडले. उघडपणे, शेजाऱ्यांसमोर रडले आणि त्यांना लाज वाटली नाही. बंडूच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. त्याला सगळं आठवत होतं, मामाचं गाव, शाळेतले मास्तर, पानवाल्याची उधारी. आईच्या हातची वांग्याची भाजी त्याने दोनदा मागून घेतली. आता तो ताठ चालत होता, दोन्ही खांदे एका रेषेत. फौजेने पोराला वळण लावलं, गोहोकर म्हणाले. राधाबाईंनी मान हलवली. त्या त्याला वाढत होत्या, विचारपूस करत होत्या, फक्त त्याच्या अंगावरून हात फिरवायच्या राहून गेल्या होत्या.

बाहेरच्या खोलीतून जाताना बंडू भिंतीकडे बघायचा नाही. तोंड फिरवून जायचा.

खूण थांबली नव्हती.

ती वीतभर झाली. डावा खांदा तसाच पडलेला होता आणि एक पाय ओढत असल्यासारखा मागे राहत होता. तोंडाच्या जागी अजून नुसता करडा रंग होता, पण तो रंग आता खोलीकडे वळलेला होता. गोहोकरांनी स्वतःला समजावलं की घाट उतरलेली गाडी इंजिन बंद केलं तरी थोडी पुढे जातेच.

रविवारी जेवताना बंडू म्हणाला, "बाबा, ते चित्र नागपूरला पाठवायचं आहे ना? मग तो माणूस पुसून टाका. तुम्ही माणूस काढतच नाही."

"खरं आहे," गोहोकर म्हणाले. खरंच होतं. पोरगा घरी आला होता. ज्याच्यासाठी नेम मोडला तो समोर बसून वरणभात खात होता. आता ही जमीन पुन्हा मोकळी करायची आणि उद्या श्यामसुंदरच्या हवाली करायची. त्यांना एकदम हलकं वाटलं.

ते ताटावरून उठले. काळा, थोडा तांबूस, थोडं तेल, असा ओल्या मातीचा रंग त्यांनी पाटीवर कालवला. रुंद ब्रश घेतला. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. चित्रातल्या माणसाच्या पायांपासून कॅनव्हासच्या खालच्या कडेपर्यंत चार बोटं जमीन उरली होती.

मनगटावर हात पडला. राधाबाईंचा हात पिठाचा होता.

"राहू द्या."

"आता काहून? पोरगं आलं ना घरी."

राधाबाई चित्राकडे बघत होत्या, स्टेशनवर गाडीच्या वाटेकडे बघतात तशा.

"थकला आहे," त्या हळूच म्हणाल्या. "लई लांबून येऊन राहिला. येऊ द्या त्याले."

स्वयंपाकघरात ताटावर वाटी ठेवल्याचा आवाज झाला.

गोहोकर वळले. बंडू पाटावरून उठला होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

कोण, असं त्याने विचारलं नाही.

त्याने मोरीवर हात धुतले, पंच्याने कोरडे केले. मग भिंतीकडे न बघता तो त्या दोघांच्या मधून बाहेरच्या दाराशी गेला, भर दुपारी दार लोटून कडी घातली, आणि ती नीट बसली की नाही ते एकदा ओढून पाहिलं.