अकरा वीसची रेघ

साहेब, तुम्ही मला खोटारडी म्हणालात. तेही समितीच्या पाच जणांसमोर, बिस्कीट चघळत. "धम्मप्रिया, औषध तुम्ही बाराला घालता आणि पेशी अकरा वीसलाच दचकतात? आकडे घरी बसून भरले का?" सगळे हसले. माझा प्रबंध त्या हसण्यात अडकला. आता लेखी खुलासा मागताय ना, तर घ्या. पूर्ण वाचा. मधे चहा मागवू नका.

माझा बायोसेन्सर म्हणजे तळाला सोन्याची बारीक जाळी असलेली थाळी. जिवंत पेशी तिला चिकटून बसतात. त्या खुशीत असल्या की पडद्यावरची रेघ वर, औषधानं आक्रसल्या की खाली. थाळी उबदार पेटीत, पडदा बाहेर. सात आठवडे ही रेघ अकरा वीसला उडी मारत होती. मी तेव्हा चहाला गेलेली असायचे.

मागच्या सोमवारी नाही गेले. फ्रीजमागे दबा धरून बसले. पायाला मुंग्या आल्या... आणि दार वाजलं. एक उंच पोरगा आत आला. हातात बाटली, चपला बाहेर काढलेल्या! त्यानं पेटीचं दार सताड उघडलं.

"ए! हात वर!"

बाटली सुटली, पाणी माझ्या पायावर. घाबरलेले डोळे इतके देखणे असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तरी मी रागातच होते, याची नोंद घ्या.

"मी बिरुदेव, मॅडम. मोहोळचा. एसीचं आन् ह्या पेट्यांचं बघतो, कंत्राटावर."

"पेटीत काय ओततोस?"

"डिस्टिल पाणी. एकदा खालचा पाण्याचा ट्रे कोरडा पडलेला. तुमी टेबलावर डोकं ठिवून झोपलेल्या. उठवावं न्हाय वाटलं."

"आणि मग रोज?"

त्यानं दारावरच्या पाटीकडं बोट केलं. माझंच अक्षर : आत जिवंत पेशी आहेत.

"जित्राब हाय म्हणल्यावर पाणी नको व्हय? आमची मेंढरं..."

साहेब, मी हसले. मग समजावलं, दार उघडलं की गार हवा शिरते, रेघ त्यानं उडते. त्याचा चेहरा पडला. "म्हंजे... मीच?"

पण मी संशोधक आहे. सगळे आलेख त्याच्यासमोर उघडले. "ट्रेमधलं पाणी आठवडाभर पुरतं. आणि हे बघ, एकाही रविवारी उडी नाही. रविवारी तुझ्या जित्राबाला तहान लागत नाही?"

तो कानापर्यंत लाल. "रविवारी तुमी... नसता की."

"मी अकरा वीसलाही नसते!"

"परत येता की. रेघ बघून शिव्या देता. जिन्यात ऐकू येतं. लई... ग्वाड वाटतं."

माझ्या शिव्यांना गोड म्हणणारा पहिलाच माणूस. माझ्या आईनं ऐकलं असतं तर आधी त्याचे कान तपासून आणले असते.

तेव्हापासून पेटी बंद. रेघ रोज बारापर्यंत सरळ, औषध घातलं की खाली. आलेख जोडलेत. अकरा वीसला तो आता जिन्यात दोन कप चहा घेऊन बसतो. त्या वेळी माझी रेघ कुठं जाते, ते समितीनं विचारू नये.

आज त्याला म्हटलं, "खुलाशात तुझं नाव आलं तर कंत्राट जाईल."

"आन् न्हाय आलं तर तुमी खोट्या. द्या पेन, मी बी सही करतो."

"आधी पूर्ण वाच."

तर साहेब, पेशी खऱ्या होत्या, सेन्सर खरा होता. मग मी खोटी होते का? आठ दिवसांत लेखी सांगा, आणि त्याच पाच जणांसमोर वाचून दाखवा. कंत्राट याचं गेलं, तर ते का गेलं तेही लिहा.

आणि बिरुदेव, तू सहीपर्यंत पोचलायस म्हणून इथंच विचारते. उद्या रविवार. पेटीला कुलूप आहे. मी संध्याकाळी कंबर तलावावर असेन, शिव्यांसकट. तुला आठ दिवस मिळणार नाहीत. पेन खाली ठेव, माझ्याकडं बघ आणि आत्ता बोल... येतोस का नाही?